दहा लाख एक
त्या सोमवारी आईला ऑपरेशनसाठी आत नेलं. बाहेर बाकाशी स्पिरिटचा वास होता आणि खिडकीतून मिरकरवाडा बंदराकडचा मासळीचा. गणिताचे मास्तर असलेले माझे वडील म्हणाले, "दहा लाख एक. या संख्येला कशाने भाग जातो, तोंडी शोध." घरी वीज गेली की आमचा हाच खेळ असायचा. तीन, सात, अकरा, तेरा; दर वेळी काहीतरी बाकी उरतच होती. आत्या वैतागली. "दादा, वहिनी आत आहे नि तुमचे दोघांचे भागाकार कसले चाललेत?" "मग काय करू, तूच सांग," म्हणत त्यांनी मला पुढची मूळ संख्या दिली. माझे आकडे निसटत होते. सत्त्याण्णवनेही भाग गेला नाही, तेवढ्यात दार उघडलं. मास्क उतरवत डॉक्टर आले, तर वडिलांनी त्यांच्याकडे न बघताच हात वर केला. "थांबा जरा. एकशे एक राहिलाय." डॉक्टर खरंच थांबले. मी सावकाश भाग दिला. नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य. इतक्या उशिरा भाग जाणारी संख्या वडिलांनी मुद्दाम निवडली होती, हे मला तेव्हा कळलं. मग डॉक्टर बोलले. आता घरात वडील आणि मी, असे दोघं आहोत.