प्रार्थनेतला लाल व्हॉल्व्ह

रस्त्यावर डांबर उकळायला लागलं की मला लढाईच्या दिवसांतला, नगरच्या चर्चमधला हंगामाचा सण आठवतो. लोकांनी बाजरीची कणसं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या देवापुढे आणून ठेवल्या होत्या आणि मी वेदीशेजारी लाउडस्पीकरचा अँप्लिफायर सांभाळत बसलो होतो. त्याचा मोठा व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणारी काचेची नळी, जळून गेला होता, त्या जातीचा कुठे मिळेना, म्हणून मी दुसऱ्या, जास्त ताकदीच्या जातीचा बसवला होता. चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, माझे सासरेच होते. "जावईबापू, हा चालेल ना?" त्यांनी विचारलं होतं. "खालच्या खुंट्या भोकांत बरोबर बसल्या म्हणजे चालणारच," मी ऐटीत म्हणालो होतो. प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि काचेच्या आतला पत्रा निखाऱ्यासारखा लाल होऊ लागला. नवा व्हॉल्व्ह ट्रान्सफॉर्मरला झेपेना इतकी वीज ओढत होता; ट्रान्सफॉर्मरमध्ये भरलेलं डांबर वितळून वास सुटला. बटण हाताशी होतं, पण देवाशी चाललेलं बोलणं मधेच तोडायचं कसं? सासरे लढाईवर गेलेल्या पोरांची एकेक करून नावं घेत होते आणि मी घामाने भिजून आमेनची वाट पाहत होतो. शेवटी धूर निघाला तेव्हा मी बटण बंद केलं. सासऱ्यांचा आवाज तसाच खणखणीत चालू राहिला. मागून एक म्हातारी पुटपुटली, "आत्ता कसं समदं कळाया लागलं!" पुढे व्हॉल्व्ह बदलण्याआधी तो किती वीज ओढतो ते बघायला मी शिकलो; पण प्रार्थनेत माझे डोळे मात्र अजून मिटत नाहीत.