वेताळाचं सोंग

नवापूरहून पुण्याची एसटी सुटताना बाबांनी माझ्या मांडीवर वेताळाचं सोंग ठेवलं, त्यांच्याच जुन्या धोतरात गुंडाळून. सावरीच्या लाकडाचा तो मुखवटा आमच्या कोकणी आदिवासी पाड्याच्या भोवाड्यात, मुखवट्यांच्या नाचाच्या उत्सवात, नाचायचा. तो नाचवण्याचा मान आमच्या घराचा; बाबाच तो चेहऱ्यावर चढवून नाचायचे.

"याचं अर्धं तिकीट फाडू का?" कंडक्टरने विचारलं.

"फाडा. पण हा जागेवर बसणारा नाही," बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "कॉलेजचं प्रदर्शन झालं की होळीआधी घेऊन ये."

मी आणलं नाही. पुण्यातल्या एका संग्रहालयाने ते कायमचं मागितलं. घरातला पहिला पदवीधर मी; आपलं सोंग काचेच्या कपाटात, म्हणजे केवढा सन्मान, असं मला मनापासून वाटलं. देणगीचा फॉर्म मीच भरला. "तू शिकलास, तुला कळतं," म्हणत बाबांनी न वाचता सही केली. 'कायमचं' हा शब्द मी त्यांना नीट सांगितलाच नाही.

आता मी जर्मनीतल्या एका संग्रहालयाच्या डेपोत, म्हणजे वस्तूंच्या कोठारात, काम करतो. इथवर पोचवणाऱ्या शिक्षकांचे, शिष्यवृत्तीचे उपकार मी विसरलेलो नाही. गेल्या हिवाळ्यात पापुआ न्यू गिनीच्या इयातमुल लोकांचे नाचाचे मुखवटे माझ्या टेबलावर आले. लांब नाकं, कवड्या जडवलेले चेहरे. ते वेताच्या सांगाड्याला बांधून आत माणूस शिरतो आणि नाचतो. कडेच्या भोकांत वेताचे तुकडे अजून अडकलेले होते. कार्डावर लांबी, लाकूड, इथे आल्याचं साल. नाचणाऱ्याचं नाव कुठेच नाही. आमच्या सोंगाचा फॉर्मही मी असाच भरला होता.

पुण्याला तीन पत्रं लिहिली. उत्तर सभ्य होतं: संग्रहातली वस्तू नाचासाठी बाहेर देता येत नाही.

बाबा फोनवर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "राहू दे. गावाने नवं कोरलंय. शेजारच्या दामूच्या घरी दिलंय, नाचवायचा मानही. तो सांभाळेल."

यंदा सुट्टीत भोवाड्यासाठी पाड्यावर गेलो. संबळ वाजू लागला तसे बाबा सवयीने उठले, मीही उठलो. दामूकाकांच्या मुलाने माझा हात धरून पुढच्या सतरंजीवर नेलं. "साहेब, इथं बसा. नीट दिसेल."

माझ्यासारखे जे बाहेर गेलेत, त्यांना सांगतो, घर कुठं असं विचारलं की मी अजून पाड्याचंच नाव घेतो. तिथं माझी जागा आता पाहुण्यांच्या सतरंजीवर आहे. बाबाही माझ्या शेजारी येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वेताळाला समोरून नाचताना पाहिलं.