मामींचं पान

मराठीत जेवढं म्हणून ज्ञान आहे, त्यातलं निम्मं माझ्या बायकोच्या मामांनी लिहिलंय आणि उरलेलं निम्मं त्यांनी पुसलंय. हे मी हवेत बोलत नाही. इंटरनेटवर तो फुकटातला विश्वकोश आहे ना, ज्यात कोणीही उठावं आणि लिहावं, त्यापुढे मामा रोज सकाळी आंघोळ करून पूजेला बसावं तसे बसतात. रिटायर झालेली माणसं गुडघे सांभाळतात, नातवंडं सांभाळतात. मामा दहिसरच्या चौथ्या मजल्यावरून विदर्भातली धरणं सांभाळतात. एकाही धरणावर ते आजवर गेलेले नाहीत. पण रात्रीतून कोणी एखाद्या धरणाची उंची चार फुटांनी वाढवली, की सकाळी मामा ती उतरवतात आणि मगच चहा घेतात.

त्या विश्वकोशात एक कायदा आहे. तुम्हाला काय वाटतं, काय आठवतं, याला तिथे काडीची किंमत नाही. कुठे छापून आलेलं असेल तर दाखवा, मगच लिहा. हा कायदा मामांनी घरातही लागू केला आणि आमची वाट लागली. माझ्या मेहुणीला बघायला आलेल्या मंडळींमधले एक काका म्हणाले, "आमचा मुलगा सुपारीच्या खांडालासुद्धा शिवत नाही." मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "संदर्भ?" लग्न जमलं, पण तिकडची मंडळी मामांना नमस्कार करतात तो अजून लांबूनच करतात.

एका रविवारी त्यांनी मला माहुलला नेलं, कारण तिथल्या कोळीवाड्याच्या पानावर धड फोटो नव्हता. होड्यांचे फोटो काढता काढता मामांचा कॅमेरा वळला तो थेट तेलाच्या टाक्यांकडे. वॉचमन धावत आला. "किसके लिए फोटो निकाल रहे हो?" मामा ताठ उभे राहून म्हणाले, "मानवजात के लिए." ही मानवजात कोण, ती कुठे राहते आणि तिच्याकडे परमिशन आहे का, हे त्याला समजावण्यात आमचा दीड तास गेला. मासळी आणायची राहिली ती राहिलीच.

मग त्यांच्या डोक्यात आलं, सोसायटीचाही विकी पाहिजे. ते सॉफ्टवेअरही फुकटच मिळतं म्हणे. नोटीसबोर्ड बंद; सगळ्यांनी मिळून लिहायचं, सगळ्यांनी मिळून सुधारायचं. पहिल्या सकाळी पाणी सहाला येत होतं. दुपारपर्यंत बी विंगने ते साडेसातला आणलं, कारण त्यांना झोप प्यारी. संध्याकाळी कोणीतरी सेक्रेटरींच्या नावापुढे 'जन्मापासून हट्टी' असं घातलं. सेक्रेटरी लाल होऊन वर आले, तर मामा शांतपणे म्हणाले, "काढलंय मी ते. संदर्भ नव्हता. तुम्ही आणून दिलात तर परत घालतो." आठवड्याभरात नोटीसबोर्ड परत आला, काचेला कुलूप लावून.

या माणसाबरोबर मामींनी चाळीस वर्षं काढली. मामी घाटकोपरच्या, गिरणी कामगाराची मुलगी, आणि तरुणपणी कबड्डीतल्या नामी चढाईपटू. नवऱ्याबद्दल त्या एवढंच म्हणायच्या, "ह्येंका भूक लागली काय नाय, तां पण पुस्तकात बघूचा लागता." त्या गेल्या त्याला तीन वर्षं झाली. यंदा मामांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. आपल्या माणसावर आपण लिहायचं नाही, हे दुनियेला शिकवणाऱ्या मामांनी मामींवर पान लिहिलं. खाली चर्चेच्या जागी प्रामाणिकपणे कबूलही केलं, 'ही माझी पत्नी होती.' पान छोटंसंच. कुठल्या संघातून खेळल्या, किती वर्षं खेळल्या, आणि शेवटी एक वाक्य: 'चढाईला गेल्यावर त्या समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, पायांच्या अंगठ्यांकडे बघत.'

आठवड्याभरात त्यावर पाटी लागली. संदर्भ नाहीत, पान वगळावं का? पाटी लावणारी नाशिककडची एक कॉलेजातली मुलगी, जिला हे काम मामांनीच फोनवर तास तास बोलून शिकवलं होतं. माझी बायको भडकली. मामा म्हणाले, "पोरगी बरोबर आहे गं. चुकली असती तर मला जास्त वाईट वाटलं असतं." मुलीने पंधरा दिवसांची मुदत दिली आणि मामा ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजवायला लागले. जुन्या पेपरांत सापडलं ते एवढंच: घाटकोपरच्या मुलींनी कप जिंकला. बक्षीस द्यायला आलेल्या पाच पाहुण्यांची नावं होती. खेळलेल्या मुलींची नावं छापायचं कोणालाही सुचलं नव्हतं.

चौदाव्या दिवशी मला बोरिवलीत एका साप्ताहिकात मामींवरचा लेख दिसला. अख्खा कॉलम! मी तिथूनच रिक्षा केली. मामांनी हात पुसून अंक घेतला, वाचता वाचता खुलले, आणि अंगठ्यांच्या ओळीवर येऊन थांबले. ती परत वाचली. मग चष्मा काढला.

"हे माझ्याच पानावरून उचललंय."

"कशावरून?"

"हे तिने फक्त मला सांगितलं होतं. चपात्या लाटताना. दुसऱ्या कोणाला माहीत असणं शक्यच नाही."

"मग काय झालं? छापलंय ना? द्या ठोकून! कोणाला कळणार आहे?"

"मी लिहायचं, त्यांनी छापायचं, आणि तेच मी पुरावा म्हणून लावायचं? गप रवा, जावईबापू."

"पण मामा, खरं आहे ना ते? तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला माहीत आहे," मामा म्हणाले, "म्हणूनच तर ते चालत नाही."

त्यांनी माझ्यासमोर कॉम्प्युटर लावला, चर्चेत 'वगळावे' असं लिहिलं आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी पान गेलं. नाशिकच्या त्या मुलीचा फोन आला, ती रडत होती, आणि वर मामाच तिची समजूत घालत होते. मला तेव्हाही राग आला होता, अजून येतो. मामांचा नाही, त्या कायद्याचाही नाही. त्या पाच पाहुण्यांचा.

विश्वकोशाला नको तर नको. मी इथे सांगतो. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत मामांच्या सोसायटीच्या आवारात बायका विरुद्ध जावई असा कबड्डीचा सामना झाला. मामी तेव्हा पंचावन्नच्या. पदर खोचून, दम धरून त्या रेषा ओलांडून आल्या. मी म्हटलं, मामेसासूबाई आहेत, जरा सांभाळून घेऊ. डावा पाय मागे घ्यायचं नुसतं माझ्या मनात आलं, तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर सणसणीत थाप बसली, आणि मामी रेषेपलीकडे उभ्या राहून हसतही होत्या. त्या सगळ्या वेळात त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं. हे मला मामांनी सांगितलेलं नाही. बाद मी झालो होतो.