सरांसारखं बोलणारी नर्स

भाषावर्गाच्या त्या खोलीत प्रत्येक बाकावर एक छोटा आरसा आणि कागदाची एक पट्टी असे. आरसा ओठांची ठेवण बघायला, पट्टी श्वास बघायला. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ म्हटला की ओठांपुढे धरलेली पट्टी फडफडली पाहिजे, असा नियम होता. सर ‘प’ म्हणत तेव्हा पट्टी ढिम्म हलत नसे. मग ते पाठोपाठ हळूच एक फुंकर मारत. इतक्या वर्षांत ती फुंकर कुणाच्या लक्षात आली नव्हती.

सर आपला मुलूख सोडून त्या परक्या देशात आले होते ते एका शाळेत गणित शिकवायला. ती शाळा बंद पडली. गणिताला दुसरीकडे गिऱ्हाईक मिळेना, इंग्रजीला मात्र होतं. ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ असं स्वतःच बायकोला सांगून ते भाषावर्गात चिकटले, आणि टिकलेही. वर्गात येणारे लोक ड्रायव्हर, हॉटेलातले वाढपी, दवाखान्यातल्या नर्सेस असे असत. बहुतेकांना परदेशी जायचं होतं, आणि काहींना त्यासाठी तोंडी परीक्षा द्यायची होती.

उच्चाराच्या तासाची पद्धत ठरलेली होती. परीक्षा जिथली, तिथल्या माणसाचं रेकॉर्डिंग लावायचं, शिक्षकाने ते मध्येमध्ये थांबवायचं आणि वर्गाकडून म्हणवून घ्यायचं. शिक्षकाने स्वतः बोलायचं नाही. पण रेकॉर्डिंगमधला माणूस अर्धे शब्द गिळायचा. वर्ग भिंतीकडे बघितल्यासारखा बघत राही. सरांनी एकदा बटण बंद करून तेच वाक्य स्वतः म्हटलं, सावकाश, प्रत्येक अक्षराला सारखं वजन देऊन. सगळ्यांचे चेहरे उजळले. त्यानंतर संचालकबाईंची पावलं व्हरांड्यात वाजली की रेकॉर्डिंग सुरू होई, एरवी सरच बोलत. इंग्रजीत दोन ‘व’ आहेत. सरांकडे एकच होता, तोच त्यांनी सगळ्यांना वाटला.

एकदा वर्गाच्या छोट्या कार्यक्रमाला बायको आली होती. घरी येईपर्यंत तिचं हसू थांबेना.

“अहो, डोळे मिटून ऐकलं तर वाटतं, मोठे भाऊजीच भाषण करतायत! एकेकाच्या तोंडून तुमचं अख्खं खानदान बोलत होतं.”

“चेष्टा कर. पण बोलतात की नाही घडाघडा?”

“बोलतात हो. ती नर्स तर काय, तुमच्यासारखी मानसुद्धा हलवते.”

सरांनाही हसू आलं. त्यात थोडा अभिमान होता, हे बायकोला कळलं.

ती नर्स चाळिशीकडे झुकलेली होती. शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी, घरात शाळेत जाणारी मुलगी. नवरा परदेशी कामाला गेलेला, वर्षातून एकदा येणारा. नर्सला तिकडच्या इस्पितळात जागा मिळाली तर मुलीला घेऊन ती कायमची तिकडे जाणार होती. लेखी परीक्षा ती पास झालेली होती. राहिली होती तोंडी. नवऱ्याने तिकडे एका खोलीत सोबत राहणाऱ्या जोडीदारांचा निरोप घेऊन तिघांपुरतं घरही भाड्याने घेतलं होतं.

“सर, मला जमेल ना?” तिने विचारलं.

“तोंडी? तुम्ही झोपेतसुद्धा पास व्हाल.”

ती नापास झाली.

परीक्षेत तिला एका रुग्णाची माहिती डॉक्टरांना फोनवर द्यायची होती. ती नेहमीसारखी न अडखळता बोलली. परीक्षकबाईंनी मध्येमध्ये “पुन्हा सांगा” म्हटलं. तिने पुन्हा सांगितलं, तसंच. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही लहानपणी कुठे राहिलात? ती म्हणाली, इथेच. त्या म्हणाल्या, तुमच्या देशातल्या लोकांचं इंग्रजी ऐकून ऐकून माझे कान तयार झालेत. तुमचं मात्र मला कळत नाही.

हे सगळं तिने वर्ग सुटल्यावर, बाकावरचे आरसे सर गोळा करत असताना सांगितलं.

“मी कोणासारखी बोलते, सर?”

सर हातातले आरसे एकावर एक रचत राहिले. “माझ्यासारखं.”

“आणि तुम्ही?”

“आमच्याकडची माणसं बोलतात तसं.”

“मग ते रेकॉर्डिंग कशाला होतं?”

“तुम्हाला ते समजत नव्हतं. माझं समजायचं.”

तिने आपल्या बाकावरचा आरसा उचलून सरांच्या हातात दिला. मग म्हणाली, “मला समजून काय उपयोग, सर? त्या बाईला समजायला हवं होतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर सरांना काहीतरी बोलता आलं असतं. आणि तेवढं वाक्यसुद्धा तिने सरांच्याच चालीवर म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर संचालकबाईंकडे गेले. तिला नव्या मास्तरांच्या वर्गात घाला, म्हणाले. नवा मास्तर परीक्षा घेणाऱ्या देशातलाच होता. तरुण, तापट, घड्याळाकडे बघत शिकवणारा.

“का? ती तर तुमची लाडकी,” बाई म्हणाल्या.

“म्हणूनच,” सर म्हणाले. रेकॉर्डिंगचं मात्र त्यांनी सांगितलं नाही.

नव्या मास्तराची तऱ्हा निराळी. तो वाक्य पुरं होऊच देत नसे. पहिला शब्द चुकला की टेबलावर टकटक, पुन्हा. दुसरा चुकला की पुन्हा. व्हरांड्यातून जाताना सरांना तिचा आवाज ऐकू येई. आधी जी धो धो बोलायची ती आता प्रत्येक शब्दापाशी थांबत होती. अंधारात पायरी चाचपणाऱ्या माणसासारखी. पुढेपुढे दारातून फक्त टकटकच ऐकू येऊ लागली.

दुसऱ्यांदा तिचा शब्द न् शब्द परीक्षकबाईंना कळला. पण शब्द फार थोडे होते. वेळ संपली तेव्हा रुग्णाची अर्धी माहिती सांगायची राहून गेली होती. ती पुन्हा नापास झाली, आणि तोवर तिकडच्या इस्पितळातली भरतीही बंद झाली. नवऱ्याने घर सोडलं आणि तो पुन्हा जोडीदारांच्या खोलीत राहायला गेला. हे सरांना वर्गातल्या दुसऱ्या एका नर्सकडून कळलं.

“तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?” बायको म्हणाली. “तुमच्या हाताखालून इतके लोक गेले. कामाला लागले की नाही?”

“लागले. हॉटेलात, गाड्यांवर. त्यांची कुणी परीक्षा घेतली नाही.”

“आणि तिने आधी का नाही ओळखलं? कान नव्हते तिला?”

“तिने माझ्यावर विश्वास टाकला होता.”



पुढच्या वर्षी बायकोचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. ज्या वॉर्डात तिला ठेवलं, तिथे कामावर ती नर्स होती. सरांनी तिला इंग्रजीत नमस्कार केला, मुलगी कशी आहे विचारलं. तिने तिच्या भाषेत उत्तर दिलं, एका शब्दात: बरी. सर त्या देशात इतकी वर्षं राहिले, पण तिथली भाषा त्यांना भाजी घेण्यापुरतीच येत होती. तिने सुई टोचली, सलाईन बदललं, उशी सारखी केली. सगळं हळुवार हाताने.

“अहो, ही तीच ना?” बायको कुजबुजली. “इंग्रजीत का नाही बोलत तुमच्याशी?”

“बोलत नाही आता.”

घरी सोडताना नर्सने गोळ्यांची पाकिटं हातात दिली आणि कोणती कधी घ्यायची ते समजावून सांगितलं. सरांनी मान डोलावली. लिफ्टपाशी आल्यावर बायकोने विचारलं, “ही पांढरी जेवणाआधी की नंतर?”

सरांना ते कळलं नव्हतं. तिला भिंतीशी खुर्चीवर बसवून ते परत गेले. नर्स टेबलापाशी उभी होती. सरांनी पाकीट पुढे केलं आणि इंग्रजीतच विचारलं, पुन्हा सांगता का?

तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग तेच वाक्य, तिच्याच भाषेत, तितक्याच वेगाने पुन्हा म्हटलं.