खलनायकाचे पाय

त्याच्यावर लिहा, असं त्याचे मित्र सांगायला आले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. तो गेल्यावर ते त्याच्या आठवणींचं पुस्तक काढताहेत आणि त्यात मोठमोठ्या लोकांचे लेख असणार आहेत. मी आयुष्यात पाण्याच्या टाकीबद्दलच्या एका अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तोही बायकोने दुरुस्त केला होता. शिवाय खरं सांगायचं तर मी त्याला ओळखत होतो ते फक्त खालून. तो आमच्या डोक्यावर राहायचा. कधीमधी जिन्यात दिसायचा, एरवी छतातून ऐकू यायचा. त्याच्या मनात काय चालायचं, त्याचं कुणावर प्रेम होतं का, यातलं मला काही ठाऊक नाही. तो कधी उठतो आणि त्याची आई कधी चिडते, एवढं मात्र मी छाती ठोकून सांगू शकतो.

सगळी इमारत त्याला 'धडधड' म्हणायची. तो डीजे होता. लग्न असो, वाढदिवस असो, जिथे लोकांना नाचायचं असेल तिथे हा स्पीकर घेऊन हजर. घरी सराव करायचा तेव्हा आमच्या कपाटातले कप बशांवर थरथरायचे. बायको म्हणायची, "बघा, तुमच्यापेक्षा कप बरे. निदान हलतात तरी."

पुढे तो स्वतःची गाणी करायला लागला. मागच्या खोलीच्या भिंतींना त्याने जुन्या गाद्या ठोकल्या आणि घरातली एकेक वस्तू त्या खोलीत गडप होऊ लागली. त्याच्या पहिल्या गाजलेल्या गाण्यातला जो ठेका आहे, ज्यावर अख्खं शहर नाचलं, तो त्याच्या आईच्या पिठाच्या डब्यावर वाजवलेला आहे. डबा परत आला तो पोचे पडून. त्या दिवशी आम्ही वरचं जे भांडण ऐकलं, त्याला पोच्यांएवढीच खोली होती.

आई चिमणीएवढी. हडकुळी, पांढऱ्या केसांची, बोलायला गोड. मी त्यांना वहिनी म्हणायचो. पण चालणं! नवरा कारखान्यात होता, त्याचे जाडजूड बूट त्यांनी जपून ठेवले होते आणि गॅलरी धुताना घसरू नये म्हणून त्या तेच घालायच्या. त्या बुटांत वहिनी चिडून निघाल्या की आमच्या घरातला दिवा हलायचा.

मग धडधडला सिनेमा मिळाला. म्हणजे सिनेमातले आवाज. चित्रीकरणाच्या वेळी पावलांचे आवाज नीट येत नाहीत, ते नंतर खोलीत बसून पडद्याकडे बघत नव्याने करतात, हे मला तेव्हाच कळलं. सिनेमात एक भयंकर खलनायक होता. तो दिसायच्या आधी ऐकू यायला हवा, असा दिग्दर्शकाचा हट्ट होता. धडधडने एक पैलवान बोलावला, त्याला चालवलं. दिग्दर्शक म्हणाला, "हा खून करायला निघालाय की सोफा सरकवायला?" आणखी दोघे झाले. शेवटी शुक्रवारपर्यंत पावलं जमली नाहीत तर काम दुसऱ्याकडे जाईल, असं दिग्दर्शकाने स्पष्ट सांगितलं. पहिलाच सिनेमा. तो हातचा गेला असता तर धडधड जन्मभर लग्नांतच वाजवत राहिला असता.

अशात एका दुपारी वहिनींना धडधडने फेकलेल्या ओल्या टॉवेलखाली आपला चष्मा सापडला. त्या गॅलरीतून बुटांसकट तडक गादीच्या खोलीत शिरल्या आणि माइक चालू होता. धडधडने तो तुकडा दिग्दर्शकाला ऐकवला.

"हाच! हाच तो!" दिग्दर्शक ओरडला. "कोण आहे हा माणूस?"

"आहेत. घरचेच आहेत," धडधड म्हणाला.

आता खलनायकाला सिनेमाभर चालायचं होतं, आणि वहिनी चिडल्याशिवाय तशा चालायच्या नाहीत. म्हणून धडधड कामाला लागला. तो आईचा रेडिओ बिघडवायचा. तिच्या जावेच्या हातचं जेवण कसं चविष्ट असतं, हे न विचारता सांगायचा. आम्हाला खाली वाटलं, त्या घरात काहीतरी मोठं बिनसलंय. बायको म्हणाली, "जा हो, चार शब्द समजावून सांगा." मी जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

शेवटी तोच खाली आला. तेव्हा त्याने हे सगळं सांगितलं. एकच प्रसंग उरला होता, खलनायक जिना चढून नायिकेच्या दाराशी येतो तो, आणि त्याच्याकडची भांडणं संपली होती.

"काका, तुम्ही वर या आणि आईकडे तक्रार करा. बेक्कार तक्रार करा. तुमच्या चालण्याने आमचं जगणं हराम झालंय म्हणा."

"मी?"

"तुम्ही कधीच बोलत नाही, म्हणून तर तिला जास्त लागेल."

मी आरशासमोर दोनदा सराव केला. वर गेलो. वहिनींनी दार उघडलं.

"वहिनी, ते... म्हणजे आवाज... तसा काही फार नाही..."

"अगं बाई! माझ्या चालण्याचा त्रास होतो का भावोजी? आणि तुम्ही इतके दिवस गप्प राहिलात?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला चहा दिला, वर बिस्किटं दिली. आणि त्या दिवसापासून बूट काढून ठेवले आणि मांजरासारख्या चालू लागल्या. धडधड जिन्यात भेटला तेव्हा त्याने फक्त हात जोडले. "काका, खलनायक चवड्यांवर चालतोय."

बायकोला राहवलं नाही. तिने वहिनींना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता भडका उडेल आणि काम होऊन जाईल. तर वहिनी हसत सुटल्या आणि मुलाला म्हणाल्या, "माझे पाय? सिनेमात? मेल्या, आधी सांगायचंस ना!" त्यांनी बुटांना पॉलिश केलं, केस विंचरले आणि माइकसमोर उभ्या राहिल्या. पण आता त्या चालत नव्हत्या, अभिनय करत होत्या. एक पाऊल टाकायच्या आणि विचारायच्या, "बरं झालं का रे?" आम्ही दोघं खाली कान लावून बसलेलो. ऐकू येत होती ती एखादी नवी सून.

शुक्रवार उजाडला. सकाळी मी चहा घेऊन खुर्चीत बसलो होतो. वर फोन ठेवल्याचा आवाज आला, आणि मग धडधडचा, मुद्दाम हळू पण आम्हाला ऐकू येईलसा:

"आई, तू बस आता. दिग्दर्शक म्हणाले, पाय थकल्यासारखे वाटतात. ते दुसरी बाई पाठवताहेत. जरा तरुण."

वर खुर्ची सरकली.

"थकलेले? माझे?"

"तसं नाही गं..."

"कुठाय ती तरुण? आण माझ्यासमोर! या पायांनी चार मजले पाणी चढवलंय, तुला कडेवर घेऊन! बाजूला हो!"

मग खलनायक निघाला. त्या टोकापासून या टोकापर्यंत, एकेक पाऊल असं, की मी खुर्चीत आपोआप पाय वर घेतले. शेवटचं पाऊल बरोबर माझ्या डोक्यावर पडलं आणि छताचा पापुद्रा सुटून थेट चहात आला. वर धडधड ओरडला, "झालं! झालं! आई, झालं!" आणि बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "चहा गेला."

सिनेमा आम्ही सगळ्यांनी एकाच रांगेत बसून पाहिला. नायिका दार लावते, दिवा मालवते, आणि जिन्यावर ती पावलं वाजतात. सगळं थिएटर दाराकडे बघत होतं. मी सवयीने वर बघितलं. माझ्या शेजारी वहिनी पुढच्या माणसाच्या खांद्यावर टिचकी मारून सांगत होत्या, "घाबरू नका, मीच आहे." शेवटी नावं आली त्यात एक ओळ होती: 'पावलं – आई.'

त्यानंतर त्याला कामांची कमी पडली नाही. त्याने पुष्कळ सिनेमांना आवाज दिले, संगीत दिलं, एक सिनेमा स्वतः काढला, तो पडला, त्यावर त्याने एक मस्त नाचाचं गाणं केलं. पण ते सगळं तो मोठ्या शहरात गेल्यावरचं. आमच्या छतातून ते ऐकू आलं नाही, त्यामुळे त्याविषयी इतर लेखकांनी लिहावं.

पापुद्रा निघालेला छताचा तो खड्डा तसाच राहिला. तो दर खेपेला म्हणायचा, मी दुरुस्त करून देतो. आम्हालाही घाई नव्हती.

वहिनी गेल्यानंतर तो घर रिकामं करायला आला होता. जाताना आमच्याकडे डोकावला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते बूट होते. मी बरीच वर्षं मनात ठेवलेलं एकदाचं विचारलं, "काय रे, दिग्दर्शक खरंच तसं म्हणाले होते?"

"कुठले दिग्दर्शक, काका? त्या सकाळी त्यांनी फोनच उचलला नव्हता." तो हसला आणि मग छताकडे बघत राहिला. "पुढच्या खेपेला गवंडी घेऊनच येतो."

"ये," मी म्हणालो. "पण दुपारी नको. आम्ही झोपतो."

"बरं काका. चारनंतर येतो."