दारची, पांढरा गूळ आणि पंचमीचा महिना

परंड्याच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथं सकाळच्या परिपाठात रोज एक अनोळखी शब्द आणि त्याचा अर्थ सांगायचं काम माझ्याकडं आहे. काम म्हणजे मीच ते अंगावर ओढून घेतलंय. माझं माहेर नाशिककडचं. लग्न होऊन धाराशिव जिल्ह्यात आले, तेव्हा घरातलं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं. तिळाला इथं हावरी म्हणतात. काम ठरवून अंगावर घेतलं की ते गुत्त्यानं घेतलं. गावकऱ्यांनी आपापले बैल आणून एकाचं शेत एकदम नांगरून दिलं, तर ती इर्जिक. आणि सकाळी दिवस किती वर आला? तर कासराभर. कासरा म्हणजे बैलाची दोरी. आकाश दोरीनं मोजणारी ही माणसं मला फार आवडली आणि तेव्हापासून मी कान टवकारून हिंडते. भाजीवाली काही वेगळं बोलली की भाजी राहते बाजूला आणि मी तिला अर्थ विचारत बसते. नवरा म्हणतो, हिच्याबरोबर बाजारात गेलं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

माझ्याकडचे सगळ्यात नवलाचे शब्द मात्र सासूबाईंचे. त्यांना मी इकडच्या रीतीप्रमाणं आत्याबाई म्हणते. त्या लोहारा तालुक्यात सास्तूरला राहतात, भूकंपानंतर बांधून मिळालेल्या घरात. सासरे जाऊनही बरीच वर्षं झाली, त्यामुळं घरात त्या एकट्या आणि दारात म्हैस. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडं चहा करायला उभी राहिले, तर म्हणाल्या, “पांढरा गूळ वरच्या डब्यात हाय.” मी गूळ शोधत बसले. डब्यात निघाली साखर. तुळशीला त्या दारची म्हणतात. “दारचीला पाणी घातलं का गं?” सोमवार हा महादेवाचा वार आणि श्रावण हा पंचमीचा महिना. हे सगळं मला इतकं गोड वाटलं की एकदा न राहवून विचारलं, तुळशीला दारची का म्हणता?

“दारात असती म्हणून,” त्या म्हणाल्या.

हे शब्द मी मोठ्या तोऱ्यात परिपाठात सांगितले. दारची म्हणजे तुळस, आपल्याच जिल्ह्यातला जुना शब्द. मुलांनी माना हलवल्या, पण एकाच्याही घरात कुणी तसं म्हणत नव्हतं. म्हटलं, परंडा कुठं आणि सास्तूर कुठं, जिल्ह्याची दोन टोकं ही. आमचे एक शिक्षक सीमेलगतच्या गावचे, घरात कानडी बोलणारे. हे कानडीतून आलं असेल का, असं त्यांना विचारलं. ते दोन दिवस विचार करून आले आणि नाही म्हणाले. नळदुर्गला धाब्यावर चहाला थांबलो असताना मी मुद्दाम मालकाला विचारलं, पांढरा गूळ आहे का? त्यानं नवऱ्याकडं दयेनं पाहिलं आणि म्हणाला, “गूळ हाय ताई, पर काळाच हाय.” नवरा गाडीत बसेपर्यंत हसत होता. पण मी हार मानली नाही. हे लोहाऱ्याकडचे जुने शब्द आहेत, बाकीचे विसरले आणि आत्याबाईंनी तेवढे जपलेत, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

यंदा श्रावणात शेजारच्या काकूंचा फोन आला. आत्याबाई गॅसवर दूध ठेवून म्हशीला चारा टाकायला गेल्या आणि तिकडंच रमल्या. पातेलं जळून कोळसा झालं, घरभर धूर. झालं तेवढ्यावरच निभावलं, पण नवऱ्याची झोप उडाली. म्हैस विकायची, घराला कुलूप लावायचं आणि आईला परंड्याला आणायचं, असं त्यानं ठरवूनच टाकलं.

“म्या हितनं हालनार न्हाय,” आत्याबाई म्हणाल्या.

मायलेकांची चांगली जुंपली. शेवटी तोड निघाली ती अशी: सोलापूरच्या डॉक्टरांकडून डोकं तपासून घ्यायचं. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, तर आत्याबाई सास्तूरलाच राहतील. नाहीतर एक शब्द न बोलता परंड्याला येतील. त्या लगेच तयार झाल्या. “दाखव की. माझं डोस्कं जाग्यावर हाय.”

डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी आधी गावाबद्दल, म्हशीबद्दल विचारलं. आत्याबाई खुलल्या. म्हशीचं वेत कितवं, दूध किती, सगळं सांगितलं. मग डॉक्टरांनी कागद पुढं ओढला.

“आजी, आज वार कोणता?”

“महादेवाचा वार.”

“म्हणजे कोणता?”

“महादेवाचाच की. उपास हाय माझा.”

“बरं. मराठी महिना कोणता चाललाय?”

“पंचमीचा.”

मग डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले: साखर, घोडा, तुळस. हे लक्षात ठेवा, मी थोड्या वेळानं विचारीन. मध्ये उलटी मोजणी झाली, ती आत्याबाईंनी न चुकता केली. मग डॉक्टरांनी ते तीन शब्द विचारले. आत्याबाई म्हणाल्या, “पांढरा गूळ, घोडा आन् दारची.” डॉक्टरांनी तुळशीचं चित्रच पुढं धरलं. आत्याबाईंनी चित्राला हात जोडले आणि पुन्हा म्हणाल्या, “दारची.”

आम्हाला बाहेर बोलावून डॉक्टरांनी समजावलं. स्मृतिभ्रंशाच्या आजारात नेमका शब्द सापडेनासा होतो. वस्तू कळते, नाव आठवत नाही, मग माणूस आडवळणानं सांगतो. पेनला लिहायची काडी म्हणतो. मी घाईघाईनं म्हटलं, अहो, त्या माझ्या लग्नापासून असंच बोलतात. डॉक्टर म्हणाले, कधीकधी हे फार हळू येतं, घरच्यांना सवय होऊन जाते. त्यातून दुधाचा प्रकार झालेला. त्यांना एकटं ठेवू नका, पुढच्या तपासण्या करू.

आम्ही परत निघालो. मला भीती वाटत होती. ज्या शब्दांवर मी इतकी वर्षं जीव टाकला, मुलांना अर्थासकट पाठ करायला लावले, ते शब्द म्हणजे या बाईच्या दुखण्याची सुरुवात होती की काय? आत्याबाई मागच्या सीटवर खिडकीतून बाहेर बघत होत्या. शब्द दिला होता, म्हणून एका अक्षरानं कुरकुर करत नव्हत्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी आम्ही सास्तूरला सामान बांधायला बसलो. म्हशीला गिऱ्हाईक बघायचं काम सुरू झालं. शेजारच्या काकू मदतीला आल्या. आत्याबाई म्हशीकडं गेलेल्या बघून मी काकूंना हळूच विचारलं, यांना शब्द आठवत नाहीत हे तुमच्या कधी लक्षात आलं? साखर म्हणता येत नाही, तुळस म्हणता येत नाही.

काकू हातातलं गाठोडं ठेवून माझ्याकडं बघतच राहिल्या. “म्हणता येत न्हाय? अगं ती म्हणत न्हाय. सासूचं नाव तोंडानं घेईल व्हय ती?”

मग काकूंनी चार नावं घडाघडा सांगितली. आत्याबाईंच्या सासूबाई, सासरे, थोरले दीर आणि नवरा. ती नावं मी इथं लिहीत नाही, आत्याबाईंना आवडायचं नाही. शब्द सांगितलेत, त्यांवरून ओळखा. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे मला माहीत होतं. पण त्या नावाचा महिना, त्या नावाचा वार, त्या नावाचं झाड, त्या नावाचा चहात टाकायचा जिन्नससुद्धा कुणी आयुष्यभर ओठावर आणत नाही, हे माझ्या गावीही नव्हतं. माझ्या सासऱ्यांचं नाव तर नवऱ्याच्या नावामागं कायम लागतं, कागदोपत्री मी ते हजारदा लिहिलंय, तरी डोक्यात उजेड पडला नाही. बाकी तिघं भूकंपात गेली. माझा नवरा तेव्हा लहान होता, त्याच्यासाठी ते आबा, आजी आणि मोठे काका होते. आईच्या तोंडून ती नावं त्यानं कधी ऐकलीच नव्हती.

म्हणजे हे शब्द लोहाऱ्याचे नव्हतेच. ते साऱ्या जगात एकाच घरात चालत होते, आणि आता तर एकट्या बाईच्या तोंडात. मी त्या उघड्या सामानात बसून रडले. काकूंना वाटलं मी म्हशीसाठी रडतेय.

पुन्हा सोलापूर गाठलं. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण घरचे लोक मायेपोटी काहीही कारणं शोधतात, हा त्यांचा रोजचा अनुभव. ते म्हणाले, “तसं असेल तर उत्तमच. पण मला खात्री पाहिजे. आजी, हे चार शब्द एकदा माझ्यासमोर म्हणा. म्हटलेत की मी लिहून देतो, तुम्ही तुमच्या घरी.”

“आई, म्हण की एकदा,” नवरा अजिजीनं म्हणाला. त्यालाही आता ती घरीच राहायला हवी होती.

आत्याबाईंनी आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. आपण काय गमावतोय हे त्यांना पुरतं कळत होतं. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि लेकाला म्हणाल्या, “म्हैस इकून टाक. म्या येते परंड्याला.”

“आजी, बसा जरा,” डॉक्टर म्हणाले. “ती माणसं आता नाहीत ना?”

“न्हाईत.”

“मग एकदा म्हटलं तर काय बिघडतं?”

“ती असती तर चुकून नाव गेलं म्हणून पाया पडले असते, डाक्टर. आता कुणाच्या पाया पडू?”

नवऱ्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. डॉक्टरांनी आधीचा कागद बाजूला सारला, कोरा कागद घेतला आणि विचारलं, “आजी, मग मी तुम्हाला कोणते शब्द विचारू, ते तुम्हीच सांगा.”