वस्तूला धनी पायजे

आमच्या शिनोलीच्या शाळेत गुरुजींना हुकूम सोडणारा माणूस मी एकच पाहिला, डीडीटीवाले चाचा. जुन्नरचे. मलेरियाच्या फवारणीला खाकी घालून यायचे. मेंदी लावलेली दाढी फडक्यात अशी जपून बांधायचे, की जणू आतून कुणी पळून जाणार होतं. "गुरुजी, तपकिरीची डबीबी भाईर," म्हणाले की गुरुजी मुकाट बाहेर.

भिंतींवर औषध मारण्याआधी माठ, पाट्या, भाकरीची फडकी, सगळं चिंचेखाली यायचं. पण नुसतं मांडून ठेवायचं नाही. प्रत्येक पोराच्या हातात एक वस्तू. "वस्तूला धनी पायजे," चाचा म्हणत. "बिनधन्याची वस्तू दिसली, की समजायचं पोरगं आत ऱ्हायलं." मग भिंती वाळेपर्यंत उंबरा कुणी ओलांडायचा नाही. घंटा धरायचा मान माझा, आणि मी ती दागिन्यासारखी मिरवायची.

त्या वर्षी माझ्या डोक्यात उवांची जत्रा भरली होती. मामाचं लग्न तोंडावर आलेलं, आणि आईने सांगितलं होतं, "रविवारी न्हाव्याला बोलावून गोटाच करते." माझी वेणी म्हणजे उंदराची शेपटी, पण मला वाटायचं, लग्नाला माणसं तीच बघायला येणार. मी अक्कल चालवली. औषधाने ढेकूण मरतात, तर उवांनी काय घोडं मारलंय? घंटा चिंचेखाली ठेवली आणि फळ्यामागे जाऊन बसले.

चाचा पंप घेऊन उंबऱ्यापर्यंत आले, सवयीने मागे वळले आणि थांबले.

"घंटेचा धनी कुठंय?"

मग फळा हलला.

"काय गं, तू ढेकूण हायेस का?"

"उवा मारायच्यात. डोक्यावर जरासं मारा ना चाचा."

"उवा मरतील. अन् खाली तू?"

"मी तोंड मिटून घेईन."

सगळी शाळा हसली. चाचा हसले नाहीत. पंप खाली ठेवून त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि घंटा पुन्हा माझ्या हातात दिली.

संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. "भाबी, पोरीचं डोकं रविवारपतुर माझ्यावर सोडा." दुसऱ्या दिवशी शिंगाची बारीक फणी घेऊन आले. "चाचीची हाय. हरवली म्हणून सांगतो."

"अवं, त्या रागावत्याल की," आई म्हणाली.

"रागावू द्या. रागानं उवा मरत न्हाईत, फणीनं मरतात."

आईने अशी फणी चालवली की रडून रडून माझे डोळे सुजले. रविवारी न्हावी आल्या पावली परत गेला. लग्नात ते सुजलेले डोळे बघून बायका म्हणाल्या, "मामावर लई जीव हाय पोरीचा."

पुढे चाचा यायचे थांबले, फणी आमच्याकडेच राहिली. आता मंचरला लेकाकडे झुरळांचं औषध मारायला माणूस आला, की मी सगळ्यांना हातात काहीतरी देऊन अंगणात उभं करते. लेक कुरकुरत का होईना, पाण्याची कळशी धरतो. नातवंडं खिदळतात.

माझ्या हातात ती फणी असते. केस नावाला उरलेत. पण वस्तूला धनी पायजे.